बाळंतिणीला कोणी विचारले का?

मूल झाले की आखातातल्या आपल्या घरांतून पहिला फोन जातो तो पुण्या-मुंबईला, नागपूर-कोल्हापूरला. पलीकडून येणारे प्रश्न ठरलेले असतात. मुलगा की मुलगी? वजन किती? नॉर्मल की सिझेरियन? नाक कोणावर गेले आहे? बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत हे कळले की तिकडे पेढ्यांची नाहीतर बर्फीची तयारी सुरू होते आणि इकडे आईच्या व्हिसाची. या गडबडीत एक प्रश्न सहसा राहून जातो. 'तुला कसे गेले गं हे सारे?' 'सुखरूप' या एका शब्दात आपण त्याचे उत्तर परस्पर देऊन टाकलेले असते.

हा दोष केवळ नातेवाइकांचा नाही. वैद्यकशास्त्रानेही हा प्रश्न फार उशिरा विचारला, आणि विचारायचे ठरवल्यावर तो नीट कसा विचारावा हे शिकायला त्याला काही दशके लागली. ज्या दुबईत आपल्यापैकी अनेकांच्या मुलांचा जन्म झाला, तिथेच या इतिहासाचे एक महत्त्वाचे पान लिहिले गेले आहे. या लेखात तीच हकीकत सांगायची आहे.

आधी जीव, मग जिवाची विचारपूस

कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत तो गेला. वेळेवर वैद्यकीय मदत मिळाली असती तर तो जगला असता, ही रुखरुख त्यांना डॉक्टर होण्यापर्यंत घेऊन गेली. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळाली. प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला होता तो हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. स्वतः बाळंतीण झालेली, स्वतःचे मूल गमावलेली स्त्री प्रसूतीवर प्रबंध लिहीत होती. मात्र त्या काळात बाळंतपणाचा हिशेब एकाच भाषेत मांडला जाई: किती जगल्या, किती गेल्या. जिथे जीव वाचण्याचीच शाश्वती नाही, तिथे 'कसे वाटले?' हे विचारायला सवड कोणाला असणार?

आज आपण राहतो त्या अमिरातींत ही अवस्था फार जुनी नाही. दुबईत अल मक्तूम रुग्णालय १९५१ मध्ये सुरू झाले. शारजात त्याच सुमारास डॉ. सारा हॉसमन या अमेरिकन मिशनरी डॉक्टरबाईंनी दवाखाना काढला. त्याआधी मस्कतमध्ये त्यांनी अनेक वर्षे काम केले होते आणि शारजाला आल्या तेव्हा त्यांची साठी उलटून गेली होती. अल ऐनला १९६० मध्ये पॅट आणि मॅरियन केनेडी हे डॉक्टर दांपत्य आले. शेख झायेद यांनी दिलेल्या मातीच्या विटांच्या घरात त्यांनी रुग्ण तपासायला सुरुवात केली. त्यापूर्वी त्या भागात जन्मलेल्या मुलांपैकी निम्मी दगावत, असे या इस्पितळाचा इतिहास सांगताना नेहमी सांगितले जाते. सध्याचे राष्ट्राध्यक्ष शेख मोहम्मद बिन झायेद यांचा जन्म १९६१ मध्ये याच इस्पितळात झाला. त्याचे आजचे 'कनद' हे नाव म्हणजे केनेडी या आडनावाचा स्थानिक उच्चार. १९६२ मध्ये तिथे आलेल्या गर्ट्रूड डिक या कॅनडाच्या परिचारिकेला लोकांनी 'डॉक्टोरा लतिफा' हे नाव दिले.

आणि १९६४ मध्ये आल्या आपल्या नागपूरच्या डॉ. झुलेखा दाऊद. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या या स्त्रीरोगतज्ज्ञ अमिरातींतल्या पहिल्या भारतीय स्त्री डॉक्टर म्हणून ओळखल्या जातात. त्यांच्या हातून हजारो बाळंतपणे झाली. १९९२ मध्ये त्यांनी शारजात स्वतःचे रुग्णालय उभे केले. २०१९ मध्ये भारत सरकारने त्यांना प्रवासी भारतीय सन्मान दिला.

युरोपात जो बदल व्हायला शंभर-दीडशे वर्षे लागली, तो या देशाने एका पिढीत करून दाखवला. आजी दायेच्या हाती बाळंत झाली आणि नात वातानुकूलित खोलीत. जीव वाचण्याची चिंता मागे पडली, तेव्हा दुसरा प्रश्न पुढे आला: वाचलेल्या जिवाची विचारपूस कोण करणार?

एडिंबराचे दहा प्रश्न

या प्रश्नाची पहिली गाजलेली उकल स्कॉटलंडमध्ये झाली असली, तरी तिची एक मुळी आफ्रिकेत आहे. जॉन कॉक्स हे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ १९७० च्या दशकात युगांडात होते. तिथल्या खेड्यापाड्यांतील २६३ गरोदर स्त्रियांच्या मानसिक स्वास्थ्याची त्यांनी केलेली पाहणी १९७९ मध्ये प्रसिद्ध झाली. खिन्नता मोजण्याच्या तोवर प्रचलित असलेल्या प्रश्नावल्या गरोदर किंवा ओल्या बाळंतिणीला लागू करताना एक मोठी अडचण येई. त्या प्रश्नावल्या विचारत: झोप नीट लागते का? थकवा जाणवतो का? वजन कमीजास्त झाले का? आता दर दोन तासांनी तान्हे उठवत असताना कोणत्या आईला झोप लागणार? या मापाने मोजले तर घरोघरची बाळंतीण आजारी ठरायची.

म्हणून १९८७ मध्ये कॉक्स, जेनी होल्डन आणि रूथ सॅगोव्हस्की यांनी शरीराच्या तक्रारी बाजूला ठेवून केवळ मनाची विचारपूस करणारे दहा प्रश्न तयार केले. गेल्या सात दिवसांत हसू आले का, पुढच्या दिवसांची उत्सुकता वाटली का, विनाकारण स्वतःला दोष दिला का, धास्ती वाटली का, रडू आले का, स्वतःला इजा करावी असे मनात आले का. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण तीस. पाच मिनिटांचे काम. ही 'एडिंबरा प्रश्नावली' पुढे जगभर पोचली. तिने आजाराचे निदान होत नाही, कोणाशी निवांत बोलायला हवे एवढे कळते. पण एवढे कळणे हीच मोठी गोष्ट होती.

दुबईत अरबी कसोटी

प्रश्न इंग्रजीत होते. अरबी आईला ते कसे विचारायचे? भाषांतर करून टाकले की झाले, असे कोणालाही वाटेल. दुबईच्या डॉ. राफिया घुबाश यांना तसे वाटले नाही. त्या स्वतः दुबईच्या कन्या आणि मनोविकारतज्ज्ञ. पुढे २००१ ते २००९ या काळात त्या बहारीनच्या अरेबियन गल्फ विद्यापीठाच्या अध्यक्षा होत्या. १९९७ मध्ये त्यांनी डॉ. मोहम्मद अबू-सालेह यांच्यासह दुबईत बाळंत झालेल्या ९५ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी डॉ. तौफिक दरादका यांचीही साथ घेऊन अरबी एडिंबरा प्रश्नावलीची कसोटी मांडली.

कसोटी म्हणजे काय, हे घरगुती उदाहरणाने सांगता येईल. नवा वजनकाटा आणला की आपण आधी ठाऊक वजनाचे माप त्यावर ठेवून पाहतो. काटा किलोला किलो दाखवतो की नाही हे कळल्याशिवाय त्यावर डाळ-तांदूळ मोजण्यात अर्थ नाही. इथे ठाऊक वजनाचे माप म्हणजे मनोविकारतज्ज्ञाने घेतलेली सविस्तर मुलाखत. प्रसूतीनंतर आठवड्याने स्त्रियांनी प्रश्नावलीची उत्तरे दिली आणि सुमारे आठ आठवड्यांनी त्यांची मुलाखत झाली. मग दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवून पाहिले गेले. प्रश्नावलीनुसार सुमारे अठरा टक्के स्त्रिया खिन्न दिसत होत्या. मुलाखतीत सुमारे सोळा टक्के स्त्रियांना मानसिक आजार असल्याचे आढळले. बाळंतपणानंतरची खिन्नता ही पाश्चात्त्यांची चैन आहे, आमच्या एकत्र कुटुंबात असले काही नसते, या समजुतीला हे आकडे म्हणजे शांतपणे दिलेले उत्तर होते.

त्याहून महत्त्वाची बाब होती रेघ कुठे ओढायची याची. इंग्रजीत साधारणपणे १३ किंवा अधिक गुण मिळाले तर काळजी करावी, असे ठरले होते. अरबीत १२ वर रेघ ओढली तर खरोखर आजारी असलेल्या शंभर आयांपैकी ७३ सापडत होत्या. तीच रेघ १० वर आणली तर ९१ सापडत होत्या. म्हणजे केवळ दोन गुणांच्या फरकाने शंभरातल्या अठरा आया चाळणीतून निसटून गेल्या असत्या. उलट रेघ खाली आणल्यामुळे धडधाकट आयांपैकी काहींना विनाकारण थांबवले जात होते. शंभरातल्या ८४ जणीच बरोबर ओळखल्या जात होत्या. पण विनाकारण झालेली चौकशी परवडते, न झालेली चौकशी परवडत नाही. अभ्यास लहान होता, आकडेही त्या मानानेच घ्यावेत. तरी त्यातला धडा लहान नव्हता: शब्द बरोबर उतरले म्हणजे माप बरोबर उतरते असे नाही. भाषा बदलली की रेघही नव्याने शोधावी लागते.

याच डॉ. घुबाश यांनी २०१२ मध्ये देइराच्या गोल्ड सूकजवळ, गल्लीबोळांतल्या एका जुन्या घरात स्त्रियांचे संग्रहालय उभारले. त्या घराला लोक 'बैत अल बनात', म्हणजे मुलींचे घर म्हणत, कारण तिथे पूर्वी अविवाहित बहिणी राहत असत. मंगळसूत्र घडवायला आणि पाटल्या बदलायला आपण त्या बाजारात कितीदा गेलो असू! स्त्रियांचे ऐकून घेण्याचा ध्यास इस्पितळातून संग्रहालयापर्यंत कसा जातो, हे तिथे दिसते.

गोव्याच्या आयांनी काय सांगितले

दुबईनंतर थोड्याच वर्षांत हा प्रश्न आपल्या किनाऱ्याला लागला. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातल्या जिल्हा रुग्णालयात नाव नोंदवलेल्या २७० गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. एडिंबराची प्रश्नावली इथे कोकणीत विचारली गेली. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के स्त्रिया खिन्नतेने ग्रासलेल्या आढळल्या. कारणे कोणती? गरिबी आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध. आणि आणखी एक: बाळ मुलगा आहे की मुलगी यावर मारहाण आणि उपासमार यांचा मनावर होणारा परिणाम कमीजास्त होत होता. फोनवरचा आपला पहिला प्रश्न किती साळसूद वाटतो! त्याच्या उत्तराचे ओझे मात्र बाळंतीण वाहत असते.

या गटाने पुढे, २००३ मध्ये, आयांच्या सविस्तर मुलाखतींवर आधारलेला अभ्यासही प्रसिद्ध केला. त्या स्त्रिया आपल्या दुःखाला 'आजार' म्हणत नव्हत्या. पैशाची ओढाताण आहे, नवरा नीट वागत नाही, असे त्या सांगत. लक्षणे मात्र जगात इतरत्र आढळतात तशीच होती. म्हणजे दुःख तेच, त्याला म्हणण्याची रीत वेगळी. प्रश्न त्या रीतीने विचारला नाही तर उत्तर 'नाही' येणार, आणि कागदावर सारे आलबेल दिसणार.

खुद्द प्रसूतीचा प्रश्न

एडिंबराची प्रश्नावली प्रसूतीनंतरच्या मनाची आहे. प्रसूतीच्या त्या काही तासांचे काय? अमेरिकेतील पेनी सिमकिन यांनी १९९१ मध्ये दाखवून दिले की पंधरा-वीस वर्षांनंतरही स्त्रियांना आपले पहिले बाळंतपण बारकाव्यांसह आठवते. डॉक्टर काय बोलले, सिस्टरने हात कसा धरला, हे सारे. आपल्या आयांना हे सांगायला अमेरिकेची गरज नव्हती म्हणा! हळदीकुंकवाला चार जणी जमल्या की तिथे हेच तर निघते.

स्वीडनमध्ये क्लास आणि बार्ब्रो विज्मा यांनी १९९८ मध्ये प्रसूतीच्या भीतीची ३३ प्रश्नांची यादी प्रसिद्ध केली. एक प्रसूतीआधी भरायची, एक नंतर. २०१० मध्ये स्वीडनच्याच आना डेंकर आणि सहकाऱ्यांनी पहिलटकरणींसाठी २२ विधानांची 'प्रसूती अनुभव प्रश्नावली' मांडली आणि ९२० स्त्रियांवर ती पारखून घेतली. तिचे चार भाग आहेत: माझी स्वतःची शक्ती, मला मिळालेला आधार, मला वाटलेली सुरक्षितता आणि निर्णयातला माझा सहभाग. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रसूतीकाळातील सेवेसाठी ५६ शिफारशी केल्या. त्यांच्या शीर्षकातच 'चांगला अनुभव' हे शब्द आहेत. आनंदीबाईंच्या काळी जो विचार चैनीचा ठरला असता, तो आता सेवेचा निकष झाला.

मराठीत आणायचे तर

अशी प्रश्नावली मराठीत आणायची झाली तर काय काय करावे लागेल? त्याची ठरलेली पद्धत आहे. आधी दोघांनी स्वतंत्रपणे मराठी करायचे. मग मूळ प्रश्न न पाहिलेल्या तिसऱ्याने त्या मराठीचे पुन्हा इंग्रजी करायचे आणि ते मुळाशी ताडून पाहायचे. ही उलट भाषांतराची युक्ती रिचर्ड ब्रिस्लिन यांच्या १९७० च्या लेखामुळे रूढ झाली. नंतर जाणकार बसून प्रत्येक शब्दावर चर्चा करतात. मग काही बाळंतिणींना प्रश्न विचारून 'तुम्हाला यातून काय कळले?' हेही विचारायचे. शेवटी मोठ्या संख्येने उत्तरे घेऊन माप तपासायचे.

यातली गंमत आणि गोम शब्दांत आहे. स्वीडनमध्ये सुखरूप प्रसूती करते ती प्रशिक्षित दाई. तिच्यासाठी मराठीत 'सुईण' लिहिले तर दुबईतली आपली सून म्हणेल, 'आमच्या हॉस्पिटलात सुईण नव्हती.' तिथे 'सिस्टर' हाच शब्द हवा. आपण म्हणतो, 'ती सुटली', 'मोकळी झाली'. या शब्दांत केवढा अनुभव भरला आहे! पण उलट भाषांतर करणारा त्यातून एखादी बाई तुरुंगातून सुटल्याचे सांगेल. 'सारे माझ्या ताब्यात होते असे वाटले' हे विधान तर फारच अवघड. बाळंतपण आपल्या हातात नसते, हे आपल्याकडे शहाणपण मानले जाते. मराठी बाईने 'नाही' म्हटले, तर तिचा अनुभव वाईट होता असे समजायचे का? 'उदास' हा शब्द पुस्तकी वाटतो. 'कशात मन लागत नाही', 'उगाच रडू येते', 'जीव घाबरा होतो' हे घरातले शब्द आहेत, आणि तेही वऱ्हाडात वेगळे, कोकणात वेगळे.

प्रश्न कोण विचारते, हेही तितकेच मोलाचे. ज्या सिस्टरने सारी रात्र उठबस केली तिनेच विचारले, तर भिडेपोटी 'छान होते सगळे' असेच उत्तर येणार. शेजारी सासूबाई डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन बसल्या असतील तर आणखीच छान!

परदेशातल्या बाळंतिणीची गोष्ट त्याहूनही गुंतागुंतीची. ती डॉक्टरांशी इंग्रजीत बोलते, मल्याळी सिस्टरशी हिंदीत, फॉर्मवर अरबी आणि इंग्रजी. कळा असह्य झाल्या की मात्र 'आई गं' मराठीतच येते. अल ऐनमध्ये २०१७ पासून 'मुताबा' नावाचा मोठा अभ्यास सुरू झाला. दहा हजार गरोदर स्त्रियांना त्यात सामील करून घेण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. पण तो एमिराती मातांचा आहे. या देशातल्या दहांपैकी जवळजवळ नऊ माणसे परदेशी आहेत आणि त्यांच्यातल्या आया आपापल्या भाषांत बाळंत होतात. त्यांची विचारपूस ज्याने त्याने आपल्या भाषेत करायची आहे.

आपल्याकडे त्यासाठी मुळात एक सुंदर व्यवस्था होती. आपला सव्वा महिना आणि अरबांचे चाळीस दिवस ही एकाच शहाणपणाची दोन नावे आहेत. शेक-शेगडी, तेल-मालिश, बाळंतशोपा, अळिवाची खीर हे सारे शरीरासाठी होते. पण मालिश करणारी बाई तासभर जवळ बसून बोलते, पाचवीच्या रात्री घरात जाग असते, माहेरी मैत्रिणी डोकावतात, यात मनाचीही सोय आपोआप होत असे. दहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, आईचा व्हिसा संपल्यावर आणि नवरा कामावर गेल्यावर, ती सोय उरत नाही. लाडू आणि बाळंतशोपा विमानाने येतात, गप्पा मारायला येणारी माणसे येत नाहीत. जी गोष्ट पूर्वी नकळत होत होती, ती आता कळून-सवरून करावी लागते. प्रश्नावली म्हणजे तरी दुसरे काय? आपुलकीने विचारण्याची सोय जिथे उरली नाही, तिथे लिहून ठेवलेली आपुलकी.

मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत नव्या बाळाचे कौतुक आपण भरभरून करतो, ते करायलाच हवे. त्याच वेळी बाळाच्या आईला जरा बाजूला घेऊन, वजन आणि रंग यांच्या पलीकडचा प्रश्नही विचारूया. दोन-तीन आठवडे उलटून गेल्यावरही ती सतत रडवेली, धास्तावलेली दिसली, स्वतःला इजा करण्याचे बोलू लागली, तर 'होईल सवय' म्हणून सोडून न देता लगेच डॉक्टरांकडे न्यावे. तिथे उपचार आहेत आणि ते लागू पडतात. आणि मायदेशी गेल्यावर आजीजवळ, आत्याजवळ बसून त्यांच्या बाळंतपणाची हकीकत विचारावी. चाळीस-पन्नास वर्षे कोणी विचारले नाही म्हणून ती सांगितली गेली नसेल, पण विसरली नक्कीच गेली नसेल. त्यांच्या बोलण्यातले शब्द लिहून ठेवावेत. उद्या कोणी मराठी आयांसाठी प्रश्नावली करायला बसले, तर त्यांना कोशापेक्षा हेच शब्द जास्त उपयोगी पडतील.